चाळीपासून घोजाडांग्यापर्यंत: आमच्या शेतकरी कंपनीचा बांगलादेशला गेलेला पहिला ट्रक

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, चांदवड, देवळा भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे लोक हल्ली मला फोन करून विचारतात, की कांदा निर्यातीत आपण उतरावं का, आणि कुठून सुरुवात करावी. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगणं होत नाही, म्हणून आमचं जसं घडलं तसं क्रमाने लिहिते. कागदपत्रांची धास्ती घेऊ नका, ती जमतात. आम्हाला खरा त्रास झाला तो दोन सरकारांच्या निर्णयांचा. कुठला निर्णय कोणत्या संध्याकाळी येईल याचा नेम नसायचा, आणि शेजारच्या देशाशी शेतमालाचा व्यापार करताना पैसा त्यातच अडकतो.

२०२३ च्या पावसाळ्यापर्यंत आमची कंपनी खतं-बियाणं एकत्र खरेदी करायची आणि सभासदांचा थोडाफार उन्हाळ, म्हणजे उन्हाळ्यात निघणारा टिकाऊ कांदा कांदाचाळीत साठवून विकायची, एवढंच काम होतं. १९ ऑगस्टला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. २० सप्टेंबरपासून जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, ते थेट ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडले. चाळीत कांदा आणि बाजार समितीत शुकशुकाट. त्या दिवसांतल्या बैठकीत आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे नानांनी, विषय काढला: "माल आपला, मग पाठवायची विद्या दुसऱ्याकडेच का? निदान शिकून तर घेऊ." कंपनीचे हिशेब मी बघते, त्यामुळे शिकायचं काम माझ्याकडे आलं.

पणन मंडळाचा निर्यात प्रशिक्षण वर्ग मी पुण्याला जाऊन केला. ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर करावा. तिथे शिकवतात ते तर कामाचं आहेच, पण शेजारच्या बाकावर बसलेले द्राक्षवाले, डाळिंबवाले पुढे वर्षभर फोनवर मदत करतात. आल्या आल्या आयईसीसाठी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांकासाठी अर्ज केला. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर घरबसल्या होतो, फी ५०० रुपये. कंपनीचा पॅन आणि बँक खातं जुळलं की क्रमांक लगेच मिळतो. हा आयईसी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात पोर्टलवर अद्ययावत करावा लागतो, काही बदल नसला तरी. नाही केला तर तो निष्क्रिय होतो आणि ऐन हंगामात शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सचा निर्यातीचा कागद, अडकतं. मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा. त्यानंतर शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेची नोंदणी, तिच्या दाखल्याला आरसीएमसी म्हणतात. आम्हाला जीएसटी धरून ५,९०० रुपये लागले, मुदत पाच वर्षं.

वेळ गेला तो बँकेत. ज्या शाखेत आमचं खातं होतं तिथून आधी कुणी शेतमाल परदेशी पाठवलेला नव्हता. एडी कोडचं, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँक शाखेच्या क्रमांकाचं पत्र मिळायला तीनेक आठवडे गेले, कारण अर्ज वर पाठवायचा, तिथून प्रश्न यायचे, परत खाली. शेवटी आम्ही नाशिक शहरातल्या, परकीय चलनाचं काम रोज करणाऱ्या शाखेत खातं उघडलं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्यापासून तेच करावं. आणि ज्या कस्टम्स ठाण्यातून माल जाणार, त्या ठाण्यासाठी एडी कोड नोंदवून घ्यावा. मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदराला नोंदवला म्हणून बंगालच्या हद्दीवर चालत नाही.

नोव्हेंबर संपताना फाइल तयार होती. दरम्यान २९ ऑक्टोबरपासून टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लागू झालं होतं, पण त्याची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत होती. जानेवारीत लाल कांद्याचा पहिला ट्रक पाठवू, असा आमचा हिशेब होता.

८ डिसेंबर २०२३ ला सकाळी निर्यातबंदीची बातमी आली. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला, जागोजागी लिलाव बंद पडले. पुढच्या आठ-दहा दिवसांत भाव जवळपास निम्म्यावर आला. आमच्या सभासदांचा लाल कांदा शेतातून निघत होता आणि तो चाळीत टिकत नाही, म्हणजे मिळेल त्या भावाला विकणं आलं. त्या आठवड्यात मी निर्यातीची फाइल कपाटात ठेवली. लोक काही बोलले नाहीत, पण एका काकूंनी विचारलं, "तुझ्या त्या नंबराचं काय झालं गं?" मला उत्तर देता आलं नाही.

बंदीची मुदत ३१ मार्च होती. २२ मार्चला ती पुढचा आदेश येईपर्यंत वाढवली गेली. मधल्या काळात सरकारने नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्सपोर्ट्स या सहकारी निर्यात संस्थेमार्फत बांगलादेशला ५०,००० टन पाठवायला परवानगी दिली, पण त्यात आमच्यासारख्या लहान कंपनीला स्वतःच्या नावाने काही करता येण्यासारखं नव्हतं.

त्या रिकाम्या महिन्यांत मी गिऱ्हाईक शोधत होते, आणि तेव्हा कळलं की पलीकडची माणसं आपल्याविषयी काय बोलतात. पिंपळगावच्या एका जुन्या निर्यातदार काकांनी मला बांगलादेशातल्या सातखिऱ्याच्या एका आयातदाराचा नंबर दिला. तो हिंदी बरी बोलतो. पहिल्याच फोनवर त्याने भाव विचारला नाही. "दीदी, तुम्हारा माल आएगा, कि रास्ते में बंद हो जाएगा?" हा त्याचा पहिला प्रश्न. त्याला २९ सप्टेंबर २०१९ ची बंदी पाठ होती, १४ सप्टेंबर २०२० ची पाठ होती. दोन्ही वेळा त्याचे ट्रक हद्दीवर उभे असताना आदेश आला होता. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत व्यापाऱ्यांच्या कार्यक्रमात म्हणाल्या होत्या, की मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय, निदान आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून आणला असता. आपल्याकडे ते हसण्यावारी गेलं. तिकडे मात्र त्यानंतर म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान, चीन असा जिथून मिळेल तिथून कांदा आणायची सवय लागली आणि घरचं उत्पादन वाढवायचा चंग बांधला गेला. आपण जी गिऱ्हाइकी गमावली ती अशी, हळूहळू. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ट्रकने पाच-सहा दिवसांत पोचणारी एवढी मोठी बाजारपेठ आपल्याला दुसरी नाही.

४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क. दोन्ही मिळून ७७० डॉलर, म्हणजे किलोला ६४ रुपयांच्या आसपास. लासलगावला तेव्हा कांदा पंधरा ते वीस रुपये किलोने जात होता. नव्या माणसाने त्या हिशेबात उतरण्यात अर्थ नव्हता. आम्ही उन्हाळ कांदा चाळीत भरला आणि थांबलो. त्या वेळात एक काम उरकलं: ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीकडून आयातदाराची माहिती काढली. खर्च थोडा आहे, पण अनोळखी माणसाला लाखोंचा माल देण्याआधी हे करावंच.

ऑगस्टच्या सुरुवातीला बोलणी पक्की होत आली होती, आणि ५ तारखेला ढाक्यात सरकार कोसळलं. हद्दीवरची वाहतूक थांबली. नाशिकचे कांद्याचे ट्रक तिथे अडकले. आमचा आयातदार दोन दिवस फोनवर मिळाला नाही, तेव्हा व्यापाराआधी मला त्याच्या घरच्यांची काळजी वाटली. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, घरी सगळे ठीक होते. बँका कधी सुरळीत होतील ते मात्र त्याला सांगता येईना.

सप्टेंबरमध्ये दोन्हीकडून मोकळीक मिळाली. बांगलादेशने कांद्यावरचं ५ टक्के नियामक शुल्क काढलं, १३ सप्टेंबरला आपल्याकडे किमान मूल्य रद्द झालं आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आलं. त्याच रात्री आयातदाराचा निरोप आला: माल बांधा.

आता इथे नीट वाचा, कारण नवे लोक इथेच अडखळतात. बांगलादेशात कांदा आणायला आयातदाराकडे त्यांच्या कृषी विस्तार विभागाच्या वनस्पती संगरोध शाखेचा आयात परवाना लागतो. सगळे त्याला आयपी म्हणतात. आयपीची प्रत हातात आल्याशिवाय गोणी शिवू नका. त्यावरचं आयातदाराचं नाव, वजन, मुदत आणि प्रवेशाचं ठिकाण तपासा. मग एलसी, म्हणजे आयातदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी. आमच्या एलसीच्या मसुद्यात ठिकाण पेट्रापोल-बेनापोल लिहून आलं होतं, आणि आयपीवर होतं भोमरा. माल घोजाडांगा-भोमरा मार्गे जाणार होता; हद्दीवर अलीकडे, बंगालात घोजाडांगा आणि पलीकडे, बांगलादेशात भोमरा. मी दुरुस्ती मागितली. आयातदार म्हणाला, चलता है. मी म्हटलं, बँकेत चालत नाही भाऊ. दुरुस्तीला आठवडा गेला, पण त्याशिवाय माल भरायचा नाही यावर नानाही माझ्या पाठीशी उभे राहिले.

माल भरायला आम्ही गावाजवळचं एका व्यापाऱ्याचं खळं भाड्याने घेतलं. निवडीला आमच्याच सभासदांच्या घरच्या बायका बसल्या. जोडकांदे, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), गोल्टी (बारीक कांदा), काजळी म्हणजे काळी बुरशी धरलेला माल वेगळा. एक मावशी प्रत्येक कांदा उचलून मानेपाशी अंगठा रोवायच्या. अंगठा किंचित जरी आत गेला की कांदा बाजूला. बाहेरून तो कांदा देखणा असायचा, लालबुंद, कडक पत्ती. मी एकदा म्हटलं, मावशी, हा चांगला दिसतोय की. त्यांनी तो सुरीने उभा चिरून माझ्या हातात दिला. आतला दुसरा पापुद्रा पाणावलेला होता. "हा बंगालला पोचेपर्यंत सगळी गोणी भिजवील," त्या म्हणाल्या. दोन हजार किलोमीटरच्या प्रवासाची खरी तपासणी त्या अंगठ्याने केली.

फायटोसाठी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याच्या सरकारी प्रमाणपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज केल्यावर तपासणी होते. अधिकारी मधल्या मधल्या गोण्या काढून बघतात: कीड, कुजका माल, आणि सगळ्यात आधी माती. कांद्याच्या मुळ्या कापलेल्या आणि माती झटकलेली हवी. जाळीची नवी गोणी, ५० किलो भरती, प्रत्येक गोणीला लेबल. आम्ही गोण्यांची तोंडं निळ्या सुतळीने शिवली, आपला माल ओळखू यावा म्हणून. एकूण २८ टन बसले. ताडपत्री बांधताना मधोमध बांबू घालून हवेला वाट ठेवा. पाऊस लागेल म्हणून सगळं आवळून टाकलं तर माल घामेजतो.

पैशांचं सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. सभासदांना चाळीतल्या मालाचे ४० रुपये किलो ठरले. निम्मे वजन झाल्यावर, निम्मे निर्यातीचे पैसे आल्यावर, असं बैठकीत लिहून घेतलं. निवड, बारदान, हमाली मिळून अडीच रुपये. ट्रकभाडं किलोला सव्वासहा. एजंट आणि हद्दीवरचा खर्च रुपयाभर. निर्यात शुल्क जवळजवळ तेरा रुपये. आम्हाला ठरलेला भाव साडेचौसष्टच्या घरात होता. म्हणजे किलोमागे पावणेदोन रुपये कंपनीला. शुल्काचे साडेतीन लाखांहून जास्त रुपये माल हद्द ओलांडण्याआधी रोख भरावे लागतात आणि एलसीचे पैसे नंतर येतात. एवढी रक्कम हाताशी नसेल तर उतरू नका, कितीही चांगला भाव दिसला तरी.

सप्टेंबरच्या शेवटी ट्रक निघाला. दुर्गापूजेच्या सुट्टीत हद्दीवरचं कामकाज काही दिवस बंद असतं, त्यामुळे त्याआधी माल पलीकडे जायला हवा, असं हद्दीजवळच्या बशीरहाटच्या एजंटने बजावलं होतं. कॅलेंडरवर आपल्या दिवाळीआधी त्यांची पूजा आणि ईद बघायची, हे तेव्हापासून पक्कं झालं. धुळे, नागपूर, रायपूर करत ट्रक चालला आणि मी नाशिकरोडहून हावडा मेलने गेले. पहिल्या मालाबरोबर कंपनीचं कुणीतरी गेलंच पाहिजे, असा माझा आग्रह होता. सियालदहहून हसनाबाद लोकलने बशीरहाट, तिथून रिक्षाने घोजाडांगा.

रस्त्याच्या कडेला ट्रकांची रांग लागलेली. एमएच-१५, एमएच-४१. बंगालच्या त्या दमट हवेत आपल्या कांद्याचा वास ओळखू येत होता. आमचे ड्रायव्हरभाऊ ट्रकच्या सावलीत स्टोव्हवर भाकरी भाजत होते. "ताई, माल गार आहे, काळजी करू नका," त्यांनी आधी तेच सांगितलं. 'सुविधा' पोर्टलवर ट्रकचा स्लॉट एजंटने आधीच घेतला होता. तो माल निघतानाच घ्यावा, पोचल्यावर नाही. तरीही तीन रात्री थांबावं लागलं, पाऊस सुरू होता आणि पलीकडचं आवार भरलेलं होतं. रोज सकाळी आम्ही ताडपत्रीची एक बाजू उचलून गोणीत हात घालून बघायचो. तिसऱ्या दिवशी खालच्या थरातल्या काही गोण्या ओलसर लागल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ट्रक आत गेला. मला हद्दीपलीकडे जाता येत नव्हतं. संध्याकाळी आयातदाराने व्हिडिओ पाठवला: भोमऱ्याच्या आवारात आमचा ट्रक आणि त्याला पाठ लावून त्यांचा ट्रक, मधून हमाल डोक्यावर गोण्या नेतायत. निळी सुतळी स्पष्ट दिसत होती. आपला ट्रक थेट ढाक्यापर्यंत जाऊ शकत नाही, हद्दीवरच सगळा माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरायचा. भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान यांच्यात वाहनांच्या ये-जा करण्याचा करार १५ जून २०१५ ला थिंफूला झाला होता. भूतानची मान्यता अडली आणि आमच्या मालाला मात्र अजून प्रत्येक गोण तिथे उचलून दुसरीकडे टाकावी लागते. नाशवंत मालाची घट तिथेच होते. आमच्या ओल्या गोण्यांपोटी आयातदाराने किलोमागे अर्धा रुपया कापायला सांगितलं, व्हिडिओवर दाखवून. ते रास्त होतं, मी मान्य केलं. बँकेत कागद गेल्यावर साधारण तीन आठवड्यांनी पैसे जमा झाले. सभासदांची उरलेली निम्मी रक्कम दिवाळीआधी वाटली. त्या काकूंनाही मिळाली.

पुढचं थोडक्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये बांगलादेशने उरलेलं आयात शुल्कही १५ जानेवारीपर्यंत माफ केलं, त्यात आम्ही लाल कांद्याचे आणखी ट्रक पाठवले. मुदत संपताच तिकडचं शुल्क परत लागलं. १ एप्रिल २०२५ पासून आपलं २० टक्के शुल्क शून्य झालं. आमचा उन्हाळ कांदा तेव्हाच निघत होता, सगळे खूश झाले. पण तोवर बांगलादेशने नव्या आयपी देणं थांबवलं होतं. त्यांचाही मुख्य कांदा मार्च-एप्रिललाच निघतो. पाबना आणि फरीदपूरच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून त्यांनी हद्द बंद केली, आणि तो शेतकरी आपल्यासारखाच आहे, त्याच्यावर माझा राग नाही. आयातदाराने सांगितलं की त्यांच्याकडे आता पावसाळी कांद्यासाठी एन-५३ चं बियाणं सरकार वाटतं. एन-५३ म्हणजे आपल्या नाशिकचंच वाण.

माझं म्हणणं एवढंच आहे की दोघांनी आपापला शेतकरी आणि आपापला ग्राहक जरूर सांभाळावा, पण तारखा आधी सांगाव्यात. दक्षिण आशियाई देशांचा साफ्टा हा मुक्त व्यापार करार १ जानेवारी २००६ पासून लागू आहे, पण प्रत्येक देशाने सवलत न देण्याच्या वस्तूंची आपली संवेदनशील यादी राखून ठेवली आहे आणि तिच्यात शेतमाल भरपूर आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी करारातलं १२ वं कलम सांगतं, की अन्नपदार्थांच्या निर्यातीवर बंधन घालण्याआधी शक्य तितकी आगाऊ सूचना द्यावी. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. कोणत्या महिन्यात कोणती हद्द खुली, हे लागवडीआधी कळलं तर किती एकर उन्हाळ लावायचा आणि किती चाळीत भरायचा, हे शेतकरी स्वतः ठरवील. २० टक्के शुल्क असतानाही आम्ही माल पाठवला, शून्य असताना पाठवता आला नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या चाळीतला बराच कांदा पडत्या भावात गेला, काही सडला. ऑगस्टच्या मध्यात तिकडे आयपी सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत परत थांबल्या. आम्ही तेव्हा एकही गोण भरली नाही, कारण आयातदाराच्या हातात परवाना आला नव्हता. ७ डिसेंबरपासून त्यांनी मर्यादित आयात उघडली, सुरुवातीला दिवसाला ५० परवाने, प्रत्येकी जास्तीत जास्त ३० टन. आमच्या आयातदाराला त्यातली एक आयपी मिळाली, त्याने फोटो पाठवला. मी नाव, वजन, मुदत आणि ठिकाण तपासलं, भोमराच होतं. मग नानांना फोन केला आणि मावशींना दुसऱ्या दिवशी निवडीला बोलावलं.